संकलकाची मूलसंहितेपासून उभारणी

संकलक म्हणजे माणसाला वाचता-लिहिता येईल अशा उच्चस्तरीय भाषेतील आज्ञावलीचे संगणकाच्या यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. व्यवहारात ती कंपायलर या नावानेच ओळखली जाते. आज्ञावलीचे जे रूप माणूस लिहितो त्याला मूलसंहिता म्हणतात आणि रूपांतरानंतर संगणकावर प्रत्यक्ष चालणाऱ्या रूपाला यंत्रसंहिता म्हणतात. संकलक ही स्वतःही एक आज्ञावलीच असल्यामुळे तिलाही मूलसंहिता असते आणि तिचेही यंत्रसंहितेत रूपांतर व्हावे लागते. तयार यंत्रसंहिता न घेता मूलसंहितेपासून संकलक व त्याची पूरक साधने आपल्या संगणकावर घडविण्याच्या कामाला मुळातून उभारणी असे म्हणता येईल. हे काम एकेकाळी मोठ्या प्रयोगशाळांपुरते मर्यादित होते. १९९० नंतर ते मेजावरील साध्या संगणकावर करता येऊ लागले. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा मुंबई व पुणे येथे वाढली आणि पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या द्वारे मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचली.

साधनसाखळीचे घटक : संकलक एकटा काम करीत नाही. सी भाषेतील एखादी आज्ञावली चालण्यायोग्य होईपर्यंत ती चार हातांतून जाते. प्रथम पूर्वसंस्कारक हा मूलसंहितेत समाविष्ट करावयाच्या फाइली व संक्षेप उलगडून देतो. नंतर संकलक त्या संहितेचे व्याकरण तपासतो, तिचा अर्थ अंतर्गत रूपात मांडतो, अनावश्यक कामे गाळून ती सुधारतो आणि विशिष्ट प्रक्रियकाच्या सांकेतिक आज्ञांमध्ये ती उतरवितो. या सांकेतिक आज्ञांचे अंकरूप असेंब्लर करतो. शेवटी लिंकर हा असे अनेक तुकडे व ग्रंथालयातील तयार तुकडे परस्परांना जोडून एकसंध आज्ञावली तयार करतो. येथे ग्रंथालय म्हणजे छपाई, गणित, फाइल वाचणे इ. नेहमीच्या कामांसाठी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संग्रह होय. संकलक, असेंब्लर, लिंकर व ग्रंथालय या सर्वांना मिळून साधनसाखळी म्हणतात. साखळीतील एक कडी दुसरीशी न जुळल्यास संपूर्ण उभारणी फसते आणि उभारणीतील बहुतेक अडचणी या न जुळण्यातूनच निर्माण होतात.

प्रारंभीचा इतिहास : संगणकाच्या पहिल्या पिढीत आज्ञा थेट अंकांत लिहाव्या लागत. अमेरिकन गणितज्ञ ग्रेस हॉपर (१९०६–९२) यांनी १९५२ मध्ये ए-० नावाची आज्ञावली तयार केली. फितीवर साठविलेले उपकार्यक्रम शोधून जोडण्याचे काम ती यंत्राकडूनच करून घेई. जॉन बॅकस (१९२४–२००७) यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रान भाषेचा संकलक उपलब्ध केला. यंत्राने केलेले रूपांतर निष्णात माणसाच्या हस्तलिखित आज्ञांइतके वेगवान होणार नाही, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज या संकलकाने खोटा ठरविला. अल्गोल ६० या भाषेच्या निमित्ताने भाषेचे व्याकरण सूत्ररूपाने मांडण्याची पद्धती रूढ झाली. ही पद्धती पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी मिळतीजुळती असल्यामुळे तिला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती.

संकलक सुलभ भाषेत लिहावयाचा, तर त्या भाषेचा संकलक आधीच हाताशी असावा लागतो. दही लावण्यास विरजण लागते आणि विरजण हे दह्याचेच असते, तशी ही अडचण आहे. तिच्यातून मार्ग काढण्याच्या पद्धतीला स्वसंवर्धन म्हणता येईल. प्रथम भाषेच्या अल्प भागाचा एक ओबडधोबड संकलक दुसऱ्या साधनाने तयार करावयाचा, त्याच्या साहाय्याने अधिक चांगला संकलक घडवावयाचा आणि अशा पायऱ्यांनी पूर्ण संकलकापर्यंत जावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनी १९६२ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लिस्प भाषेचा संकलक लिस्पमध्येच लिहिला व त्याच्याकडूनच त्याचे रूपांतर करून घेतले. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस वीर्त (१९३४–२०२४) यांचा फोर्ट्रानमध्ये संकलक लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी संकलक पास्कलमध्येच लिहिला आणि पहिले रूपांतर हातांनी करविले. डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केलेल्या सी भाषेत १९७३ मध्ये युनिक्स ही प्रचालन प्रणाली पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ‘नव्या यंत्रासाठी आधी सीचा संकलक तयार करा, मग उरलेले सर्व त्याच्या मागोमाग येईल’ असा मार्ग रूढ झाला.

ग्नू संकलक : १९८० पर्यंत संकलक हे बहुधा यंत्र विकणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावे लागत आणि त्यांची मूलसंहिता ग्राहकाला मिळत नसे. रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार करणे, हा त्याचा हेतू होता. या प्रकल्पाचा सी संकलक १९८७ मध्ये प्रसृत झाला व जीसीसी या आद्याक्षरांनी तो जगभर ओळखला जाऊ लागला. विकासाच्या गतीविषयी मतभेद होऊन १९९७ मध्ये त्याची एक वेगळी शाखा निघाली. १९९९ मध्ये तीच मुख्य शाखा म्हणून स्वीकारली गेली आणि अनेक भाषांचा समावेश झाल्यामुळे त्याच आद्याक्षरांचा अर्थ ‘ग्नू संकलक-संग्रह’ असा करण्यात आला. लिनक्स गाभ्याची व त्यावर आधारलेल्या प्रणालींची उभारणी दीर्घकाळ याच संकलकावर अवलंबून होती.

दुसरा महत्त्वाचा मुक्त संकलक-संच एलएलव्हीएम हा होय. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये त्याचे काम सुरू झाले. क्रिस लॅटनर यांच्यासमवेत त्याची मांडणी करणारे प्राध्यापक विक्रम अडवे हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर आहेत. असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी या संस्थेचा आज्ञावली-प्रणाली पुरस्कार २०१२ मध्ये एलएलव्हीएमला व २०१५ मध्ये जीसीसीला देण्यात आला.

उभारणीची पद्धती : जीसीसीची मूलसंहिता संपीडित स्वरूपात सु. ८०–९० मेगाबाइट भरते, परंतु उभारणीच्या काळात तिला हार्ड डिस्कवर अनेक गिगाबाइट जागा लागते. असेंब्लर व लिंकर ज्या संचात असतात तो बिनयुटिल्स हा संच प्रथम उभारतात. यानंतर जीएमपी, एमपीएफआर व एमपीसी ही तीन गणिती ग्रंथालये आवश्यक असतात. संकलकाला आज्ञावलीतील स्थिर संख्यांची आकडेमोड अचूकपणे आधीच करून ठेवावयाची असते, त्यासाठी ती लागतात. ती नसल्यास उभारणी पहिल्याच पायरीवर थांबते व नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा हीच असते.

उभारणीच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत. पहिलीत कॉन्फिगर नावाची आज्ञावली संगणकाची पाहणी करून कोणती साधने उपलब्ध आहेत, कोणत्या भाषा हव्यात, तयार संकलक कोणत्या प्रक्रियकासाठी व कोणत्या फोल्डरमध्ये ठेवावयाचा, याची नोंद करते. दुसरीत मेक ही आज्ञावली त्या नोंदीप्रमाणे प्रत्यक्ष उभारणी करते. तिसरीत तयार फाइली ठरलेल्या जागी मांडल्या जातात. मूलसंहितेच्या फोल्डरमध्ये उभारणी न करता तिच्यासाठी वेगळे फोल्डर घेण्याचा दंडक आहे. त्यामुळे मूलसंहिता स्वच्छ राहते आणि एकाच संहितेपासून वेगवेगळ्या प्रकारचे संकलक घडविता येतात. नवा संकलक वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये मांडल्यास प्रणालीतील जुन्या संकलकाला धक्का लागत नाही व चूक झाल्यास फोल्डर काढून टाकले की पुरते.

संगणकावर आधीपासून असलेला संकलक हे पहिले विरजण होय. त्याच्याकडून जीसीसीच्या मूलसंहितेचे रूपांतर केले, की पहिल्या टप्प्याचा संकलक मिळतो. हा पहिला टप्पा त्याच मूलसंहितेवर चालवून दुसरा व दुसऱ्याच्या साहाय्याने तिसरा टप्पा तयार करतात. दुसरा व तिसरा टप्पा एकाच मूलसंहितेपासून आणि एकाच रीतीने वागणाऱ्या संकलकांनी घडविलेले असल्यामुळे त्यांच्या फाइली तंतोतंत सारख्या असावयास हव्यात. त्यांची तुलना आपोआप केली जाते व भेद आढळल्यास उभारणी अयशस्वी मानली जाते. २०१३ मध्ये प्रसृत झालेल्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसीची स्वतःची संहिता सी++ भाषेत आली. त्यामुळे पहिले विरजण म्हणून केवळ सीचा संकलक असून भागेनासे झाले.

ज्या यंत्रावर संकलक चालतो त्याहून वेगळ्या प्रक्रियकासाठी यंत्रसंहिता देणाऱ्या संकलकाला परयंत्री संकलक म्हणतात. मोटारीतील नियंत्रक, वीजमापक, दूरध्वनी यांच्या आज्ञावल्या अशाच संकलकाने घडविल्या जातात, कारण त्या लहान उपकरणांवर संकलक चालविण्याइतकी स्मृती नसते. येथे आणखी एक पेच येतो. पूर्ण संकलकाला लक्ष्य यंत्राचे सी ग्रंथालय लागते आणि ते ग्रंथालय तयार करण्यास त्या यंत्राचा संकलक लागतो. म्हणून प्रथम बिनयुटिल्स, मग ग्रंथालयाविना चालणारा मर्यादित सी संकलक, मग गाभ्याच्या शीर्षफाइली, नंतर ग्रंथालय आणि शेवटी पूर्ण संकलक, असा क्रम पाळावा लागतो. उभारणीचे यंत्र, संकलक चालण्याचे यंत्र व लक्ष्य यंत्र ही तिन्ही भिन्न असल्यास त्या प्रकाराला कॅनडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडले त्या काळी कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, एवढाच त्याचा कॅनडाशी संबंध आहे. जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या मार्गदर्शक ग्रंथप्रकल्पात साधनसाखळीपासून संपूर्ण प्रणालीपर्यंतची उभारणी पायरीपायरीने दिलेली आहे.

महाराष्ट्रातील संकलकविद्या : मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन् (१९२६–२००७) यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक तयार झाला. त्याचे प्रायोगिक रूप १९५६ मध्ये व पूर्ण रूप १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आला. त्याच्यासमवेत फोर्ट्रानचा संकलक आला आणि देशाच्या अनेक भागांतील संशोधक आपापल्या आज्ञावल्या छिद्रपत्रांवर तेथे पाठवू लागले. यंत्र देशात बनविता येते हे टिफ्रॅकने दाखविले होते. परंतु उच्चस्तरीय भाषेचा लाभ व्यापक प्रमाणावर मिळाला तो आयात यंत्रामुळे. संकलक हे यंत्राइतकेच महत्त्वाचे साधन असते, हे या दोन अनुभवांवरून दिसून येते.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संकलकविद्येच्या अध्यापनाची व संशोधनाची सलग परंपरा निर्माण झाली. तेथील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांची संकलक-रचना व प्रणाली-आज्ञावली या विषयांवरील पाठ्यपुस्तके भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. एकच आकडेमोड पुन्हा पुन्हा होत असल्यास ती ओळखून योग्य जागी एकदाच करणे, या सुधारणा-तंत्रावरील त्यांचे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यांच्यासमवेत उदय खेडकर यांनी केलेले प्रदत्त-प्रवाह विश्लेषणाच्या सर्वसाधारण सिद्धांतावरील काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता तिच्यातील मूल्ये कोणत्या वाटांनी कोठपर्यंत पोहोचतात याचा अदमास घेणे, हे या विश्लेषणाचे सूत्र आहे. याच विषयावरील खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रकाशित झाला.

तथापि महाविद्यालयांतून संकलकविद्या शिकविली जाई ती मुख्यतः फळ्यावर. विद्यार्थी व्याकरणाचे तक्ते काढीत, लहानशा काल्पनिक भाषेचे विश्लेषण करीत आणि परीक्षा देत. प्रत्यक्ष वापरातील संकलकाची लक्षावधी ओळींची संहिता त्यांच्या दृष्टीस पडत नसे. ही दरी भरून काढण्यासाठी पवईच्या संस्थेत खेडकर यांच्या पुढाकाराने व केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने जीसीसी रिसोर्स सेंटर हे केंद्र स्थापन झाले. या केंद्राने भरविलेल्या कार्यशाळांत शिक्षक, विद्यार्थी व उद्योगांतील अभियंते यांना प्रथम मूलसंहितेपासून जीसीसीची उभारणी करावयास लावीत. मग संहिता न उघडता, संकलक मधल्या टप्प्यांवर जी अंतर्गत रूपे फाइलींत उतरवून देतो ती वाचून त्याचे वर्तन समजावून घेत. अखेरीस नव्या प्रक्रियकाचे वर्णन संकलकाला कसे पुरवावे हे शिकवीत. त्यासाठी मिप्स प्रक्रियकाचे अनुकरण करणाऱ्या स्पिम या प्रणालीचे वर्णन लहान लहान पातळ्यांत विभागले होते. पहिल्या पातळीवर रिकाम्या आज्ञावलीपुरता चालणारा संकलक असे आणि पुढील पातळ्यांवर त्यात बेरीज, तुलना, कार्यबोलावणे इ. भर पडत जाई. प्रत्येक पातळीनंतर संकलक पुन्हा उभारून पाहावा लागे. उभारणी ही केवळ पूर्वतयारी नसून अध्ययनाची पद्धती आहे, ही या केंद्राची दृष्टी होती.

उद्योगक्षेत्रात पुण्याचे काम उल्लेखनीय आहे. केपीआयटी या पुण्यातील कंपनीने जपानी रेनेसास कंपनीच्या सुपरएच, एच८ इ. प्रक्रियकांसाठी ग्नू साधनसाखळ्या घडवून व तपासून जगभरच्या अभियंत्यांना विनामूल्य उपलब्ध केल्या. सीआर१६ या प्रक्रियकाचे जीसीसीतील वर्णन याच कंपनीच्या अभियंत्यांनी दिले होते आणि संकलकाच्या अधिकृत संहितेत तशी नोंद होती. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या कचेरीत काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे ग्नू सी ग्रंथालयाच्या परिपालकांपैकी एक होत.

२०१९ मध्ये पवईच्या संस्थेने अजित या प्रक्रियकाची घोषणा केली. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना केली आणि मोहाली येथील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तो घडविण्यात आला. त्याचा आज्ञासंच स्पार्क व्ही८ या खुल्या मानकाप्रमाणे ठेवण्यात आला. या आज्ञासंचाचे वर्णन जीसीसीत आधीपासून असल्यामुळे अजितसाठी साधनसाखळी मूलसंहितेपासून उभारता आली. नवा आज्ञासंच शोधून काढला असता, तर संकलक, ग्रंथालय व प्रचालन प्रणाली या साऱ्यांची निर्मिती आरंभापासून करावी लागली असती. एखादा देश प्रक्रियक बनवू शकला, तरी त्यासाठी संकलक उभारणारी माणसे त्याच्याजवळ नसतील तर तो प्रक्रियक निरुपयोगी ठरतो.

बीड जिल्हा व मराठवाडा : बालाघाटच्या डोंगररांगांत व गोदावरीच्या दक्षिणेस वसलेला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील उच्च शिक्षणाला खरी गती मिळाली ती १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर. महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना अनुमती दिली आणि त्यानंतर अंबाजोगाई येथेही अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे बीड शहरातही अशा शिक्षणाची सोय झाली. संगणक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात संकलक-रचना हा प्रस्थापित विषय आहे. अवर्षणप्रवण व ऊसतोडणीसाठी दरवर्षी मोठे स्थलांतर होणाऱ्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला महागडी आज्ञावली विकत घेणे सहसा परवडणारे नसते. मुक्त संकलकाची मूलसंहिता मात्र अंबाजोगाईच्या विद्यार्थ्यास व परदेशातील प्रयोगशाळेस सारखीच उपलब्ध असते. तिच्यासाठी लागतो तो संगणक, जालजोडणी, वीज आणि पुरेसा वेळ.

यांपैकी वीज हा ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ कळीचा प्रश्न होता. परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्राची पहिली संचजोडणी १९७१ मध्ये कार्यान्वित झाली. तरीही २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास भारनियमन असे. पाणीटंचाईमुळे २०१५ मध्ये परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते. साध्या संगणकावर जीसीसीची त्रिटप्पी उभारणी कित्येक तास चालते व मध्येच वीज गेल्यास ती तुटते. अशा वेळी मेक या साधनाचा मूळ गुण उपयोगी पडतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ते तयार केले. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून बनते याची यादी ते ठेवते आणि तयार फाइल तिच्या मूळ फाइलीपेक्षा नवी असल्यास ते काम पुन्हा करीत नाही. त्यामुळे वीज परत आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली असता उभारणी बहुधा तुटल्या जागेपासून पुढे चालू होते. वीज जाण्याच्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल मात्र अर्धवट राहण्याची शक्यता असते. वेळेच्या दृष्टीने ती नवी दिसते, म्हणून मेक तिला पूर्ण समजते आणि पुढे लिंकर अनाकलनीय दोष दाखवितो. अशी शेवटची फाइल काढून टाकून पुन्हा आरंभ करणे हाच त्यावर उपाय असतो. स्मृती कमी असताना एकाच वेळी अनेक फाइलींचे रूपांतर चालविल्यासही उभारणी मध्येच थांबते. ते काम एकेरी चालविल्यास वेळ अधिक लागतो, पण उभारणी पार पडते.

भाषेचा अडसर हाही या भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. पवईच्या संस्थेतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मुक्त आज्ञावल्यांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले असून त्यांत जीसीसीच्या साहाय्याने सी व सी++ शिकविणाऱ्या पाठांचा समावेश आहे. जीसीसीच्या २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून सी आज्ञावलीतील चल व कार्ये यांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात.

विश्वासाचा प्रश्न : मुळातून उभारणीमागे काटकसर व अध्ययन यांखेरीज आणखी एक हेतू आहे. युनिक्सचे एक जनक केन टॉम्प्सन (१९४३– ) यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले व्याख्यान या संदर्भात प्रसिद्ध आहे. संकलकाच्या यंत्रसंहितेत असा गुप्त बदल करता येतो, की तो प्रवेशपरवल तपासणाऱ्या आज्ञावलीचे रूपांतर करताना तिच्यात चोरवाट ठेवील. शिवाय स्वतःच्या निर्दोष मूलसंहितेचे रूपांतर करतानाही तोच बदल नव्या संकलकात उतरवील. मग मूलसंहिता कितीही वाचली तरी दोष सापडणार नाही, कारण तो केवळ विरजणातून पुढे जात राहतो. उभारणीच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांची तुलनाही येथे निरुपयोगी ठरते, कारण दोन्हींत तोच दोष असतो. ही भीती केवळ तात्त्विक नव्हती. २०१५ मध्ये ॲपलच्या एक्सकोड या विकसन-साधनाच्या अनधिकृत, फेरफार केलेल्या प्रती चीनमध्ये पसरल्या आणि त्यांनी घडविलेल्या अनेक आज्ञावल्यांत विकासकांच्या नकळत घातक भाग शिरला.

यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये एक उपाय मांडला. दुसऱ्याच, स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या संकलकाने मूलसंहितेचे रूपांतर करावे आणि त्यातून निघालेल्या संकलकाने तीच संहिता पुन्हा रूपांतरित करावी. अखेरचा निकाल संशयित संकलकाच्या निकालाशी तंतोतंत जुळल्यास त्यात असा दोष नाही, असे म्हणता येते. मात्र दोन्ही संकलकांत एकच चोरवाट नसावी, हे येथे गृहीत आहे. ग्नू गीक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये याच्याही मागे जाऊन, माणसाला तपासता येईल अशा केवळ ३५७ बाइटांच्या बीजापासून पायऱ्यांनी जीसीसीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग पूर्ण केला. विरजण इतके लहान असले, की त्यातील प्रत्येक अंक वाचून पाहता येतो.

बहुसंख्य वापरकर्त्यांना संकलक मुळातून उभारण्याची गरज पडत नाही. प्रणालीबरोबर येणारा तयार संकलक त्यांना पुरतो व तो तपासलेलाही असतो. तथापि नवा प्रक्रियक आणताना, जुनी उपकरणे चालू ठेवताना किंवा दुसऱ्याने दिलेल्या यंत्रसंहितेवर विसंबून राहणे इष्ट नसेल तेव्हा, ही विद्या जाणणारी माणसे हाताशी असावी लागतात. टिफ्रॅकच्या काळात अशा अभ्यासासाठी मुंबईच्या संस्थेची पायरी चढावी लागे. आज बीड जिल्ह्यातील एखाद्या खोलीतील संगणकावरही त्याचा आरंभ करता येतो. दुसरा व तिसरा टप्पा सारखे आहेत, हे तेथील विद्यार्थ्यास कोणाच्या सांगण्यावरून मानावे लागत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या यंत्रावरच त्यांची तुलना झालेली असते.